हेज ट्रिमर सुरू होत नाही? इंधन, हवा, ठिणगी आणि दाब यांची क्रमवार तपासणी

गोव्याचा पावसाळा कुंपणाला जोमाने वाढवतो. जून महिन्यात छाटून सरळ केलेली कोयनेल, दुरांता किंवा जास्वंदीची रांग चतुर्थी जवळ येईपर्यंत वाटेवर झुकलेली असते. अंगण, परसू आणि घराकडे येणारी पाऊलवाट सणापूर्वी मोकळी करण्याची लगबग सुरू होते आणि नेमक्या त्याच वेळी दोन-तीन महिने कोपऱ्यात ठेवलेले पेट्रोलवरील हेज ट्रिमर असहकार पुकारते. दोरी वीस वेळा ओढली, तीस वेळा ओढली, खांदा भरून आला, तरी इंजीन हूं की चूं करत नाही. रोजंदारीवर आलेल्या बागकामगाराचा अर्धा दिवस त्यात जातो. पुढे यंत्र दुरुस्तीला जाते आणि सणाच्या गर्दीत ते केव्हा परत येईल, याचा भरवसा नसतो.

सुरू न होणाऱ्या या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत इंजीन मुळात ठणठणीत असते. शिळे पेट्रोल, भिजलेला प्लग, तुंबलेली जाळी किंवा तडकलेली नळी अशी क्षुल्लक कारणे त्यामागे असतात. ती घरीच शोधता येतात. मात्र शोध क्रमाने घ्यावा लागतो. हाताला येईल तो स्क्रू फिरवून पाहिल्यास लहान दोषाचे मोठ्या बिघाडात रूपांतर होण्याचा धोका असतो. हाच क्रम कुळागरात आणि काजूच्या बागायतीत वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलवरील ग्रास कटरलाही लागू पडतो, कारण दोन्ही यंत्रांच्या मुळाशी बहुधा एकाच जातीचे लहान टू-स्ट्रोक इंजीन असते.

चार गरजा

हेज ट्रिमरचे इंजीन साधारणपणे २० ते ३० सीसीचे असते. ते सुरू होण्यासाठी चार गोष्टी एकाच क्षणी जुळून याव्या लागतात: योग्य प्रमाणातील ताजे इंधन, मोकळी हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. यांपैकी एकही उणी असेल, तर उरलेल्या तिन्ही कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग होत नाही. म्हणूनच तपासणी करताना ‘काय बिघडले असेल’ असा तर्क लढवण्याऐवजी ‘चारांपैकी काय पोहोचत नाही’ हा प्रश्न विचारावा.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळे तेल भरलेले नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन, रिंग आणि बेअरिंग यांना वंगण पुरवते. त्यामुळे इंधनातील चूक ही केवळ सुरू होण्या-न होण्याची बाब राहत नाही. ती इंजिनाच्या आयुष्याची बाब ठरते. काही यंत्रांना फोर-स्ट्रोक इंजीनही असते. त्यांत तेल वेगळ्या जागी भरलेले असते आणि टाकीत निव्वळ पेट्रोल घालावे लागते. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे टाकीच्या झाकणावरील चिन्हावरून किंवा माहितीपुस्तिकेवरून आधी निश्चित करावे.

हात लावण्यापूर्वी

पात्यांवर आवरण चढवल्याशिवाय तपासणीस प्रारंभ करू नये. इंजीन अनपेक्षितपणे सुरू झाले, तर पाती त्याच क्षणी हलू शकतात आणि अडकलेली फांदी काढण्यासाठी पुढे गेलेली बोटे त्यात सापडतात. पाती साफ करताना, गिअरबॉक्सला ग्रीस देताना किंवा अडकलेला पाला काढताना प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. केवळ बटण बंद असल्यावर विसंबू नये.

पेट्रोल भरण्यापूर्वी इंजीन थंड होऊ द्यावे. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले चार थेंबही पेट घेऊ शकतात. जिथे पेट्रोल भरले तिथेच दोरी ओढू नये. किमान तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. बिडी, सिगारेट, दिवा यांपासून लांब राहावे. बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये इंजीन चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

सुरू करण्याची रीत

दोष शोधण्यापूर्वी पद्धत तपासावी, कारण पुष्कळदा यंत्र निर्दोष असते आणि चूक सुरू करण्याच्या क्रमात असते. प्रथम बटण चालू स्थितीत आहे याची खात्री करावी. गवतातून ओढताना किंवा गाडीतून नेताना ते नकळत बंद झालेले असते. त्यानंतर कार्बोरेटरखालचा पारदर्शक रबरी फुगा सहा ते दहा वेळा सावकाश दाबावा. फुग्यात पेट्रोल दिसू लागले आणि परतीच्या नळीतून ते टाकीत जाताना दिसले की पुरे. बहुतेक यंत्रांत हा फुगा इंजिनात पेट्रोल सोडत नाही. तो केवळ नळीतील हवा बाहेर काढून कार्बोरेटर भरतो.

आता चोक बंद करावा. यंत्र जमिनीवर टेकवून एका हाताने घट्ट दाबून धरावे. दोरी आधी हळू ओढावी, अवरोध जाणवला की तिथून झटक्याने ओढावी. ती शेवटच्या टोकापर्यंत ताणू नये आणि परत जाताना हातातून सोडून देऊ नये. दोन-चार ओढींत ‘फट्’ असा एक आवाज येतो. तो ऐकताच चोक अर्धा किंवा पूर्ण उघडावा आणि पुन्हा ओढावे. बहुतेक वेळा पुढच्या दोन-तीन ओढींत इंजीन सुरू होते.

तो पहिला ‘फट्’ आवाज ओळखता येणे महत्त्वाचे आहे. तो ऐकल्यानंतरही चोक बंद ठेवून दोरी ओढत राहिल्यास सिलिंडर पेट्रोलने भिजतो आणि मग काही केल्या इंजीन दाद देत नाही. चोक हा मुख्यतः थंड इंजिनासाठी असतो. आपल्या उष्ण हवेत त्याची गरज अगदी थोडा वेळ लागते. दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर यंत्र पुन्हा सुरू करताना तर चोक लावूच नये.

प्लग काय सांगतो

रीत बरोबर असूनही इंजीन सुरू झाले नाही, तर दोरी ओढणे थांबवावे आणि प्लग काढावा. प्लगभोवतीचा कचरा आधी ब्रशने साफ करावा, नाहीतर तो छिद्रातून थेट सिलिंडरमध्ये पडतो. काढलेल्या प्लगचे टोक निरखून पाहिले की तपासणीला दिशा मिळते.

टोक पेट्रोलने ओले असेल, तर इंधन पोहोचत आहे. दोष ठिणगीत, अतिरिक्त पेट्रोलमध्ये किंवा दाबात आहे. टोक पूर्ण कोरडे असेल, तर इंधनच पोहोचत नाही. त्यावर मऊ काळी काजळी असेल, तर हवा कमी पडते आहे, चोक अडकला आहे किंवा तेलाचे प्रमाण जास्त झाले आहे. फिकट तपकिरी रंग हे उत्तम ज्वलनाचे लक्षण होय. टोकावर धातूचे बारीक चकाकते कण चिकटलेले दिसले, तर मात्र सावध व्हावे. पिस्टन अतितप्त होऊन झिजू लागल्याची ती खूण असते. अशा वेळी यंत्र पुढे न चालवता जाणकार मेकॅनिककडे न्यावे.

प्लग ओला असेल तर

सिलिंडर पेट्रोलने भरला असेल, तर उपाय साधा आहे. बटण बंद करावे, चोक उघडा ठेवावा, थ्रॉटल पूर्ण दाबावा आणि प्लग काढलेल्या अवस्थेत दोरी सहा-आठ वेळा ओढावी. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो. त्या दिशेला तोंड नसावे आणि जवळपास कोणतीही ज्योत नसावी. त्यानंतर पाच-दहा मिनिटे सिलिंडर उघडाच ठेवावा. प्लग स्वच्छ कापडाने पुसून कोरडा करावा किंवा शक्य असल्यास नवा बसवावा. चोक उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

यानंतरही इंजीन मुके राहिले, तर ठिणगी पाहावी. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे. काढलेला प्लग त्याच्या टोपीत बसवावा, आवरण असलेल्या पकडीने टोपी धरावी आणि प्लगचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंखांना, प्लगच्या छिद्रापासून दूर, टेकवावा. बटण चालू करून सावलीत दोरी ओढावी. निळसर, जोरकस ठिणगी नियमित पडत असेल, तर विद्युत भाग ठीक आहे. पिवळट, क्षीण किंवा अनियमित ठिणगी असेल, तर प्रथम प्लग बदलावा. प्लगच्या दोन टोकांमधील अंतर बहुतेक यंत्रांत ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. नेमका आकडा आणि प्लगचा क्रमांक पुस्तिकेत पाहून तोच प्लग घ्यावा. दिसायला सारखा पण वेगळ्या क्रमांकाचा प्लग सिलिंडरमध्ये जास्त आत जाऊन पिस्टनला धडकू शकतो किंवा गरजेपेक्षा अधिक तापू शकतो.

नव्या प्लगवरही ठिणगी नसेल, तर संशय बंद करण्याच्या बटणावर जातो. बटणाची बारीक वायर हँडलमधून जाते. कंपनांनी तिचे आवरण झिजून ती धातूला टेकली की इंजीन कायम ‘बंद’ अवस्थेत राहते. ही वायर कॉइलपासून तात्पुरती सुटी करून, प्लग बाहेरच ठेवून पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी परत आली, तर दोष बटणात किंवा वायरमध्ये आहे. वायर सुटी असताना इंजीन सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण मग ते बटणाने बंद करता येत नाही.

त्यापुढची जागा म्हणजे कॉइल आणि फ्लायव्हील यांमधील फट. ती साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी असते. पावसाळ्याच्या दमट हवेत फ्लायव्हीलच्या लोहचुंबकावर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढतो व ठिणगी कमजोर होते. बारीक पॉलिश पेपरने तो गंज हलक्या हाताने काढता येतो. इतके करूनही ठिणगी नसेल, तर कॉइल बदलावी लागते.

प्लग कोरडा असेल तर

ठिणगी आहे पण प्लग कोरडा आहे, अशा वेळी एक छोटी चाचणी करावी. तेल मिसळलेल्या पेट्रोलचे अर्धा चमचाभर थेंब प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये सोडावेत, प्लग बसवावा आणि दोरी ओढावी. इंजीन दोन-तीन सेकंद धडधडून थांबले, तर ठिणगी आणि दाब दोन्ही ठीक आहेत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या मार्गात अडथळा आहे. या चाचणीसाठी निव्वळ पेट्रोल किंवा सुरू करण्याचे स्प्रे वापरू नयेत. टू-स्ट्रोक इंजिनाच्या आतील तेलाचा थर त्यांनी धुऊन जातो.

आता रबरी फुगा पुन्हा दाबून त्याचे वर्तन पाहावे. दाबल्यावर तो आत बसून राहिला आणि सावकाश वर आला, तर टाकीतील फिल्टर किंवा नळी तुंबलेली आहे. फुग्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर नळीला किंवा फुग्यालाच तडा गेला आहे. फुगा दाबलाच जात नसेल, तर परतीचा मार्ग बंद झाला आहे. टाकीतील फिल्टर नळीच्या टोकाला लोंबकळत असतो. टोक वाकवलेल्या तारेने तो झाकणाच्या तोंडातून बाहेर ओढता येतो. तो काळपट, चिकट किंवा कडक झाला असेल, तर धुण्यापेक्षा बदलणेच श्रेयस्कर. नळी बोटांनी वाकवून पाहावी. ती ठिसूळ झाली असेल, तर तिला टाकीत शिरण्याच्या जागी तडा सापडतो.

टाकीला हवा आत घेण्यासाठी एक सूक्ष्म वाट असते. धुळीने ती बुजली की टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण किंचित सैल केल्यावर इंजीन सुरू झाले किंवा सुरू राहिले, तर दोष तिथेच आहे. झाकण सैल ठेवून काम मात्र करू नये.

इथवर सारे ठीक असेल, तर कार्बोरेटर उघडण्याची वेळ येते. या लहान कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा फ्लोट नसतो. इंजिनाच्या आतील दाबाच्या चढउतारांवर हलणारे पातळ पडदे पेट्रोल खेचतात आणि मोजून सोडतात. म्हणूनच यंत्र आडवे-तिरपे धरले तरी चालते. हे पडदे कालांतराने कडक होतात. नवा पडदा कापडासारखा मऊ असतो. जुना हाताळताना कागदासारखा आवाज करतो. आत नखाएवढी एक जाळी असते, तीही चिकट थराने बुजते. पडदे व गॅस्केटचा संच स्वतंत्र मिळतो. उघडण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र काढावे, म्हणजे थरांचा क्रम चुकत नाही. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पडद्यांवर मारू नये आणि सूक्ष्म छिद्रांत तार घालू नये.

कार्बोरेटरवर बाहेरून दिसणाऱ्या स्क्रूंपैकी मंद गती ठरवणारा एकच स्क्रू वापरणाऱ्याने हाताळावा. जलद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू अंदाजाने फिरवल्यास पेट्रोल कमी व हवा जास्त होते. इंजीन काही काळ अधिक जोमाने पळते आणि मग पिस्टन जाम होतो.

शिळे पेट्रोल आणि इथेनॉल

यंत्र महिनोन्‌महिने ठेवून नंतर सुरू होत नसेल, तर सर्वप्रथम टाकीतील पेट्रोल बदलावे. पेट्रोलमधील लवकर पेटणारे हलके घटक उडून जातात आणि मागे रंगासारखा वास येणारा चिकट अंश राहतो. देशातील निवडक पंपांवर फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि आता ते सर्रास झाले आहे. दुसरीकडे, लहान इंजिनांच्या अनेक निर्मात्यांनी पुस्तिकांमध्ये १० टक्के इथेनॉलचीच मर्यादा घातलेली आढळते. जुन्या यंत्रांच्या नळ्या आणि पडदे अशा इंधनात लवकर फुगतात किंवा कडक होतात. म्हणून ते वर्षातून एकदा तपासलेले बरे.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणपट्टीच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीला हा धोका अधिक. पाण्याचा अंश मर्यादेपलीकडे गेला की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील फिल्टर तळाशीच टेकलेला असल्याने इंजिनाला नेमका हा बिनतेलाचा, पाणीमिश्रित थर मिळतो. इंजीन सुरू झाले नाही तर बरेच. सुरू झाले तर वंगणाविना चालते. टाकीतील पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर किंवा तळाशी थेंब दिसले, तर ते इंधन वापरू नये. ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतणेही टाळावे.

तेलाचे प्रमाण

लुना, राजदूत आणि जुन्या स्कूटरच्या काळात पंपावर पेट्रोलसोबत ऑइल मारून घेण्याची पद्धत होती. ती पिढी सरली आणि प्रमाणाचे भानही सुटले. आता बाटलीच्या झाकणाने किंवा नजरेने तेल ओतले जाते. पुस्तिकेत १:५० लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते. १:४० साठी २५ मिलिलिटर आणि १:२५ साठी ४० मिलिलिटर. औषधाच्या मापाने किंवा सिरिंजने ते मोजावे. तेल जास्त झाले तर प्लग काजळतो, धूर होतो, सायलेन्सर तुंबतो. तेल कमी झाले तर इंजीनच जाते. दोन चुकांपैकी दुसरी कितीतरी महाग असते.

तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे, म्हणजे ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ असे वर्गीकरण छापलेले असावे. किनारपट्टीच्या गावांत होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांचे तेल सहज हाताशी असते. त्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असे लिहिलेले असते आणि ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते. हेज ट्रिमरचे इंजीन त्याहून बरेच तापते, म्हणून ते तेल येथे वापरू नये. मोटारीचे किंवा फोर-स्ट्रोक मोटारसायकलचे इंजीन ऑइलही चालत नाही.

मिश्रण स्वच्छ डब्यात करावे, चांगले हलवावे आणि महिन्याभरात संपेल एवढेच करावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते भरून ठेवू नये. तहानलेल्या माणसाने किंवा मुलाने ते तोंडाला लावण्याचा धोका असतो.

हवा आणि धूर

एअर फिल्टर पाल्याच्या भुशाने भरला की चोक कायम लावल्यासारखी स्थिती होते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावा. कागदी फिल्टर हलके झटकावा. तो तेलकट झाला असेल तर बदलावा. फिल्टर काढल्यावर इंजीन सुरू होत असेल, तर दोष सापडलाच. पण फिल्टरविना छाटणी करू नये. धूळ आत जाऊन पिस्टन घासला जातो.

दुसरे टोक सायलेन्सरचे. अनेक यंत्रांत त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने बुजली की धूर बाहेर पडत नाही आणि नवी हवा आत येत नाही. इंजीन सुरू होते, पण वेग घेत नाही आणि बंद पडते. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ करता येते. ती फेकून देऊ नये, कारण वाळलेल्या गवतात आग लागू नये म्हणूनच ती असते. पडवीत महिनोन्‌महिने ठेवलेल्या यंत्राच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करू शकते, तेही पाहावे.

दाब

ताजे इंधन, स्वच्छ हवा, निळी ठिणगी असूनही इंजीन सुरू होत नसेल, तर दाब तपासावा. दोरी सावकाश ओढताना दर फेरीला स्पष्ट अवरोध जाणवायला हवा. दोरी लोण्यातून सुरी जावी तशी येत असेल, तर दाब निसटतो आहे. मेकॅनिककडील गेजने तो मोजता येतो. ९० पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून खाली आकडा आला, तर असे लहान इंजीन सुरू होणे कठीण असते. सायलेन्सर काढल्यावर छिद्रातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असावी. उभे ओरखडे दिसले, तर तेलाविना चालल्याने किंवा धुळीने पिस्टन घासला आहे.

गरम झाल्यावर सुरू होत नसेल

सकाळी सहज सुरू होणारे यंत्र तासाभराच्या कामानंतर बंद केले की पुन्हा सुरू होत नाही, ही वेगळी तक्रार आहे. चोक लावून पेट्रोल जास्त गेले असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे सिलिंडर मोकळा करावा. गरम असताना ठिणगी नाहीशी होऊन थंड झाल्यावर परत येत असेल, तर कॉइल निकामी होत आहे. सिलिंडरच्या पंखांत पाला अडकून इंजीन अतितप्त होत असेल, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते. मंद गती आपोआप वाढत-कमी होत असेल, तर क्रँकशाफ्टच्या सीलमधून हवा आत शिरत असण्याची शक्यता आहे. तो दोष मेकॅनिकनेच दूर करावा.

दोरीच ओढली जात नसेल

दोरी अडकत असेल तर जोर लावू नये. प्लग काढून पाहावा. मग दोरी सुटली, तर सिलिंडर पेट्रोलने भरला होता. तरीही अडली, तर स्टार्टर सुटा करून फ्लायव्हील हाताने फिरते का ते पाहावे. ते फिरत असेल तर दोष स्टार्टरच्या स्प्रिंगमध्ये. फिरत नसेल तर पाती चिकाने जाम होऊन क्लचही अडकला आहे किंवा पिस्टन जाम झाला आहे. दोरी उलट हिसका देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकत असण्याचा संभव असतो.

ठेवताना आणि दुरुस्तीला देताना

महिन्याहून अधिक काळ यंत्र वापरायचे नसेल, तर टाकी रिकामी करावी, फुगा दाबून नळीतील पेट्रोल काढावे आणि इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पात्यांवरील चीक पुसून तेलाचा हात द्यावा. यंत्र जमिनीवर न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी टांगावे.

मेकॅनिककडे जाताना ‘सुरू होत नाही’ एवढेच न सांगता प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी दिसली का, थेंब सोडल्यावर इंजीन धडधडले का, कोणते तेल किती घातले, हे सांगावे. इंजीन गेले असे निदान झाल्यास दाबाचा आकडा विचारावा, पिस्टन दाखवायला सांगावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. प्लग, फिल्टर, नळी आणि पडदे हे तुलनेने स्वस्त भाग आहेत. पिस्टन आणि सिलिंडर बदलण्याचा खर्च मात्र नवे यंत्र घेण्याच्या विचारापर्यंत नेतो. यंत्र बागकामगाराच्या हाती देणाऱ्या घरमालकाने आणि बागायतदाराने तेलाचे प्रमाण डब्यावरच ठळक लिहून ठेवावे. यंत्र चालवणारा आणि पेट्रोल आणणारा हे बहुधा दोन वेगळे असतात आणि चूक त्या दोघांच्या मध्येच घडते.